रिकामं कसं देऊ गं?

ताराबायच्या घरी मी एकदा छत्री विसरले. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तेव्हा आत सहा केळी होती. मिटलेल्या छत्रीत, एकाखाली एक, व्यवस्थित बसवलेली. मला काय कल्पना? मी जिन्यात उभी राहून छत्री उघडली आणि केळी धडाधड खाली गेली. त्यातलं एक खालून वर येणाऱ्या जोशीकाकांच्या टकलावर पडलं. काका अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

"अगं, छत्रीत केळी कोण ठेवतं?" मी तिला विचारलं.

"मग रिकामी कशी देऊ गं?" ताराबाय म्हणाली. "बरं दिसतं काय?"

शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुमच्या-माझ्या घरीही शिकवलेलं असतं. पण आपण भांड्यापाशी थांबतो. ताराबाय थांबत नाही. ज्यात म्हणून काही मावतं, ते तिच्या लेखी भांडं. माझं रक्तदाब मोजायचं यंत्र तिच्याकडून आलं तेव्हा त्याच्या पेटीत हिरव्या मिरच्या होत्या. सेक्रेटरींनी सही घ्यायला पाठवलेली फाईल परत गेली ती आत चार पापड घेऊन, आणि त्या महिन्याचा ठराव तेलकट झाला म्हणून सभेत दहा मिनिटं चर्चा झाली. कुरिअरवाल्याने एकदा पाणी मागितलं. तो पाणी पीत होता तेवढ्यात हिने त्याच्या हेल्मेटमध्ये दोन पेरू टाकले. त्याने घाईत हेल्मेट तसंच डोक्यावर चढवलं. पुढचं मी सांगत नाही.

ताराबाय मूळ वसईजवळच्या जूचंद्र गावची. वय चौसष्ट, अंगाने काटकुळी, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाईल असा. आमची बिल्डिंग उभी आहे ती तिच्या सासऱ्यांच्या भातशेतावर. जमिनीच्या बदल्यात त्यांना तिथेच घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर. आम्ही बाकीचे सगळे उपरे. कोणी कणकवलीचं, कोणी लालबागचं, मी कऱ्हाडची. ताराबाय एकटीच स्वतःच्या शेतात राहते, फक्त थोडी उंचावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोट दाखवून सांगते, "ती पांढरी गाडी लावलीय ना, तिथं आमचा भात झोडायचा खला होता." गाडीच्या मालकाला तिने हे इतक्यांदा सांगितलंय, की तो बिचारा आता सुगीच्या दिवसांत गाडी पलीकडे लावतो.

तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा प्रशांत बंगलोरला असतो. सून नोकरी करणारी, नातू पहिलीत. पोरगा गुणी आहे, उगाच कशाला नावं ठेवू? त्याने यंदा आईच्या मागे लकडा लावला होता. इथलं घर भाड्याने दे, सामान बांध आणि कायमची माझ्याकडे ये. ताराबाय आज सांगते, उद्या सांगते करत होती. शेवटी तो म्हणाला, "आई, मला एकदा काय ते हो की नाही सांग." ती म्हणाली, "बँकॉकवरून आले का सांगते."

बँकॉक मध्येच कुठून आलं, तर ते माझ्यामुळे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं फायली सरकवून मी निवृत्त झाले आणि ठरवलं की आता विमानात बसायचं. माझी भाची म्हणाली, "मावशी, सिटी ब्रेक घे. एकच शहर, चार दिवस. फिरायचं, खायचं, घरी यायचं." माझे यजमान गेल्यापासून मी एकटीच, आणि एकटीने जायचा मला धीर नव्हता. प्रशांत मध्यंतरी दोन वर्षं परदेशात होता, तेव्हा ताराबायचा पासपोर्ट काढून ठेवलेला होता. तो कोराच पडून होता.

"चार दिवसांसाठी विमान?" ती म्हणाली. "आमच्यात बारशाला गेलेली बाय आठ दिवस ऱ्हाते."

पण आली. आणि मी मनाशी पक्कं केलं की प्रशांतच्या विषयावर या चार दिवसांत तोंड उघडायचं नाही. कारण सरळ आहे. ती जावी असं मला अजिबात वाटत नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप, या विचाराने मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. पण आई आणि मुलगा यांच्यामध्ये मी कोण? म्हणून गप्प बसायचं. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना कळेल की हे माझ्यासाठी किती कठीण काम आहे.

तिच्या बॅगेत कपडे कमी आणि सुकेळी जास्त. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची खासियत: पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधून ठेवायची. अशा वीस-पंचवीस पुड्या. शिवाय चिवडा, शिवाय लाडू. "एवढं कुणासाठी?" मी विचारलं. "कोनाचं काय भांडं हातात येल, सांगता येतं काय?" ती म्हणाली.

पहिलं भांडं मुंबईच्या विमानतळावरच हातात आलं. तपासणीच्या पट्ट्यावरून आमचे ट्रे बाहेर आले. मी माझी पर्स, घड्याळ, चपला उचलल्या. ताराबायनेही उचललं. मग तिने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. मी ओरडेपर्यंत तिने त्यात सुकेळीची एक पुडी ठेवून ट्रे खालच्या पट्ट्यावर ढकललासुद्धा.

पट्टा थांबला. वर्दीतली एक उंच बाई पुढे आली. "ये किसका है? कौन छोड़ के गया?"

आजूबाजूचे लोक चार पावलं मागे सरले. मी पाच. आणि ताराबायने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"हमारा है, साहेब. तुमच्यासाठीच हाय. ट्रे खाली कैसे देने का? अच्छा दिखता है क्या?"

त्या बाईने आयुष्यात बरंच काही पकडलं असेल, पण हे पहिल्यांदाच. तिने पुडी उघडली, हुंगली, परत मशीनमधून काढली. आमच्या दोघींच्या बॅगा पुन्हा तपासल्या आणि आत तशाच तेवीस पुड्या दिसल्यावर तिने कपाळाला हात लावला. "माताजी, जाइए," ती शेवटी म्हणाली. पुडी मात्र घेतली नाही. विमान ढगात शिरेपर्यंत ताराबायला तेच खटकत होतं. "घेतली नाय गं तिने. ड्युटीवर असंल म्हनून, ना?"

बँकॉकला आमचं हॉटेल नदीजवळच्या एका गल्लीत होतं. खोली साफ करायला येणाऱ्या बाईचं नाव नोय, पन्नाशीची, हसरी. तिने पहिल्या दिवशी ट्रेमधून पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. ट्रे परत गेला तो चिवडा घेऊन. नोयने चिवड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि गेली. दुसऱ्या दिवशी बिछान्यावर टॉवेलचे दोन हत्ती उभे, आणि ट्रेमध्ये साबणाच्या सहा वड्या. ताराबायने लाडू पाठवले. संध्याकाळी नोय जांभळ्या सालीची गोड फळं पिशवीभर घेऊन हजर. ताराबायने पिशवी रिकामी केली आणि... तुम्हाला कळलंच असेल. एकीला थाई सोडून काही येत नाही, दुसरीला जूचंद्र सोडून काही येत नाही, तरी तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर येते तर दोघी खुर्च्यांवर समोरासमोर बसून सुनांविषयी बोलत होत्या. सुनांविषयी होतं हे मी छातीठोकपणे सांगते. ते हातवारे जगात सगळीकडे सारखेच असतात.

देवळं पाहिली. निजलेला सोन्याचा बुद्ध पाहिला. त्याच्या पायाशी उभी राहून ताराबाय म्हणाली, "किती निवांत झोपलाय. ह्याला कोनी उठवीत नाय ते बरं." नदीतल्या बोटीत मात्र ती मला माहिती देत सुटली. भरती कधी, ओहोटी कधी, पाणी खारं की गोडं. खाडीकाठची बाई, तिला नदीचं काय कौतुक!

गल्लीच्या तोंडाशी एक बाई गाडीवर मासळीचा रस्सा आणि भात विकायची. नारळाचं दूध घातलेला तो रस्सा ताराबायने एक घोट घेऊन पाहिला आणि डोळे मिटले. "आपलंच हाय गं. फक्त कोकमं टाकायला इसरली." मग जेवून झाल्यावर वाडगा आतून पुसून त्यात पुडी ठेवून ती निघाली. आम्ही वीस पावलं गेलो असू, तर मागून ती बाई धावत आली. आम्ही काहीतरी विसरलो असं तिला वाटलं. तिने पुडी ताराबायच्या हातात दिली. ताराबायने तिच्या हातात दिली. तिने परत दिली. हा खेळ रस्त्याच्या मधोमध चालला होता आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा थांबल्या होत्या. शेवटी मी फोनमधल्या भाषांतराला बोलावलं. त्याने काय सांगितलं देव जाणे, पण ती बाई एकदम हसली, गाडीकडे पळत गेली आणि स्वतःचं एक पाकीट घेऊन आली. उघडून बघतो तर आत वाळवलेली केळी. तोच रंग, तोच चिकटपणा, तीच चव.

ताराबाय भर रस्त्यात खाली बसायची बाकी राहिली होती. "अगं बाय माझे! ही तर सुकेळी. आपल्याकडची कोन पोरगी हिकडं दिलीय काय?"

मला वाटतं, त्याच वेळी माझ्या डोक्यात तो नसता शहाणपणा शिरला. ज्या बाईला बँकॉकमध्ये दोन दिवसांत शेजार मिळतो, तिला बंगलोर काय जड? मी आपली स्वतःसाठी तिला धरून ठेवतेय. नातू लहान आहे, त्याला आजी हवी. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले आणि सकाळी मोठं मन करायचं ठरवलं. मोठं मन करायची मला सवय नाही, त्यामुळे ते जरा जोरातच झालं.

शेवटचा दिवस होता. विमान संध्याकाळचं. आम्ही पलीकडच्या काठावरचं एक देऊळ बघायला निघालो होतो आणि धक्क्यावरच्या बाकावर बोटीची वाट बघत बसलो होतो. माझ्या हातात तळलेल्या केळ्यांचा द्रोण होता.

"ताराबाय," मी म्हटलं, "तू जा प्रशांतकडे. माझा विचार करू नकोस. तुला काय, कुठेही माणसं मिळतील. बघितलं ना मी इथे."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या समोरून एक बोट आली आणि गेली. दुसरी आली, गेली. ताराबाय गप्प बसलेली मी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती.

"तुना वाटतं, मी गेले नव्हते?" ती अखेर म्हणाली. "मागल्या साली पंधरा दिवस होते ना त्याच्याकडं. चौदावा माला. मजल्यावर चार घरं. आपलं एक, बाकी तीन. मी लाडू केले. तीन डबे भरले, तिघींच्या घरी देऊन आले. चांगल्या बाया गं. हसून घेतले."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाली दार उघडते तर कडीला पिशवी. आत डबा. घासून-पुसून लख्ख. वर कागद चिकटवलेला. नातवाला इचारलं, काय लिवलंय? तो म्हनला, थँक यू आंटी." तिने तीन बोटं दाखवली. "तिन्ही डबे तसेच आले. रिकामे. बेलसुद्धा कोनी वाजवली नाय. म्हातारीला तरास नको म्हनून असंल. कोनी वाईट नव्हतं, सुनंदा. डबे बघ, मी सुद्धा एवढे सोच्छ घासत नाय."

मी द्रोण बाजूला ठेवला.

"मग मी ते डबे परत भरले नाय. कोनाच्या दारात कितींदा जायचं? दुपारभर घरात कोनी नसायचं. मी खुर्ची घेऊन दाराशी बसायचे, लिफ्ट वाजली का बघायचे. ती खालीच थांबायची नाय तर वर जायची." तिने पदराने नाक पुसलं. "भांड्यात काय तरी घालून दिलं ना, का त्या मानसाला परत यावं लागतं. म्हनून घालते मी. तुना काय वाटलं, मी दानशूर हाय?"

एकोणीस वर्षं मी या बाईच्या केळ्या-पापडांवर विनोद करत होते. पंधरा दिवसांनी ती बंगलोरहून आली, तेव्हा 'झकास होतं' म्हणाली होती आणि मी विश्वास ठेवला होता. मला स्वतःचा राग आला.

"प्रशांतला सांगितलंस हे?"

"त्याला काय सांगू? पोरगा हौसेने बोलावतो. तुझ्या घरी मना एकटं वाटतं, असं सांगायचं त्याला? रडंल तो."

आणि नेमका तेव्हाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला नदी बघायची होती. ताराबायने त्याला नदी दाखवली, बोटी दाखवल्या, मला दाखवलं. मग प्रशांत पडद्यावर आला. "आई, मजा येतेय ना? आणि ते... ठरलं का काही?"

"घरी गेल्यावर सांगनार होते. आत्ताच सांगते," ती म्हणाली. आवाज एकदम खणखणीत. "हे बघ, हिकडं आम्ही करतो ना, चार दिवस यायचं, खायचं-प्यायचं, परत घरी. तसं मी तुझ्याकडं येनार. दर दोन महिन्यांनी. सिटी ब्रेक. पन घर नाय सोडनार."

त्याचा चेहरा पडला हे त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसलं. "का गं आई? तुला आवडलं नव्हतं का आमच्याकडे?"

ताराबायच्या हातातला फोन कलला. फोनमधली नदी, आकाश, आमच्या चपला, सगळं एकदम वाकडं झालं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि धडधडीत सांगितलं, "आवडलं रे. लय आवडलं. पन ही सुनंदा. हिचं काय करू? हिचं मानूस गेल्यापासून ही एकटी जेवतच नाय. मी समोर नसले तर खानंपिनं सोडंल. वालून मरंल."

मी तेव्हा तळलेल्या केळ्यांचे दोन द्रोण संपवून तिसरा बाजूला ठेवलेला होता. माझं वजन सत्त्याहत्तर किलो आहे. प्रशांतला हे सगळं माहीत आहे, तो लहानपणापासून... म्हणजे निदान कॉलेजपासून मला बघतोय.

"खरं का, काकू?" त्याने विचारलं.

ताराबायने फोन माझ्या तोंडासमोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझा दंड असा दाबत होती की उमटलेली बोटं घरी आल्यावरही दिसत होती. पोराचं मन मोडू नये, एवढीच तिची धडपड. तिच्यासाठी एक थाप मारायला माझी काय हरकत होती? कचेरीत मी साहेबांसाठी रोज मारत असे.

"हो रे बाबा," मी म्हटलं. "तिला नेऊ नकोस. ती नसली की मला घरात जेवायला बसवत नाही. तू पंधरा दिवस नेलीस तेव्हा मी कुकर लावलाच नव्हता. चहा-खारीवर काढले दिवस. समोरचं दार बंद दिसलं की मीही माझं लावून घेते, प्रशांत."

बोलता बोलता माझाच आवाज चिरकला. कारण हे कोणाला सांगायचं मी ठरवलं नव्हतं, आणि यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मग तो हळूच म्हणाला, "बरं काकू. राहू दे तुमच्याजवळ. पण दर दोन महिन्यांनी तुम्ही दोघी यायचं हं. दोघी."

फोन बंद झाला. ताराबाय माझ्याकडे टक लावून बघत होती.

"कुकर लावला नव्हतास?" ती म्हणाली. "पंधरा दिवस?"

मी मान हलवली.

"आनि मना म्हनालीस, झकास होते!"

"तूही तेच म्हणालीस."

ती एकाएकी उठली, धक्क्यावरच्या सगळ्या लोकांसमोर माझे डोळे आपल्या पदराने खसाखसा पुसले आणि नेहमीच्या तीन मजली आवाजात ओरडली, "आता रडत काय बसलीस? बोट लागली बघ, ऊठ!"

आम्ही चढलो. बसायला जागा नव्हती, कठड्याला धरून उभ्या राहिलो. बोट हलली तसा तिने माझा हात धरला, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत सोडला नाही.